लॅबमध्ये एडिटिंग करणाऱ्या मुलांना नेमकी मदत कशी करता?

लॅबसहायक:
आमच्या लॅबमध्ये व्हिडिओ एडिटिंगसाठी प्रीमियर प्रो आहे, डाविंची रिझॉल्व्हही आहे. सबमिशन जवळ आलं की रांग लागते. पण कट कसा मारायचा, रंग कसे सुधारायचे, हे कुणी फारसं विचारत नाही. "सर, काल सगळं नीट होतं, आज उघडलं तर नुसता लाल पडदा" हेच जास्त. मशीन रीस्टार्ट झालं की डेस्कटॉपवरचं सगळं पुसलं जातं, तशी पाटी लावलेली आहे, तरी काम तिथेच ठेवतात. लॅबला मी एकटाच. सॉफ्टवेअर शिकवू की फाइली सांभाळायला शिकवू?

टाइमलाइनवाली:
आधी फाइली. मीही लॅबच सांभाळते आणि याबाबत माझं मत पक्कं आहे.

प्रीमियरच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये व्हिडिओ नसतोच, तो कुठे ठेवलाय याचा फक्त पत्ता असतो. हे नुसतं सांगून मुलांना पटत नाही. मी पहिल्याच तासाला दोन्हींचा साइज बघायला लावते: शूटिंग कित्येक जीबीचं, प्रोजेक्ट फाइल जेमतेम काही एमबीची. मग फुटेजच्या फोल्डरचं नाव त्यांच्याच हातून बदलायचं आणि प्रोजेक्ट उघडायचा. समोर तोच लाल पडदा, "मीडिया ऑफलाइन". चेहरे बघण्यासारखे होतात! लगेच तिथल्या तिथे एक क्लिप शोधून द्यायला लावते, त्याच फोल्डरमधल्या बाकीच्या आपोआप जोडल्या जातात. हे एकदा स्वतः केलेलं मूल पुन्हा लाल पडदा दिसला तरी घाबरत नाही.

रिझॉल्व्हचं प्रकरण वेगळं. तिथे प्रोजेक्ट डेटाबेसमध्ये राहतो, फोल्डरमध्ये कितीही शोधला तरी सापडायचा नाही. उठण्याआधी प्रोजेक्ट मॅनेजरमधून एक्स्पोर्ट करून डीआरपी फाइल स्वतःच्या ड्राइव्हवर घ्यायचीच. फुटेजसकट न्यायचं असेल तर प्रोजेक्ट आर्काइव्ह.

पेनड्राइव्ह फॅट३२ या फॉरमॅटचा असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर जात नाही. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून द्या, पण त्यात आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून ते आधी दुसरीकडे उतरवून घ्या.

आणि कळकळीने सांगते, मुलांच्या हातातला माउस घेऊ नका. रडकुंडीला आलेली मुलगी समोर असली की आपणच पटकन करून द्यावंसं वाटतं. शेजारी खुर्ची ओढून बसा, पण क्लिक तिलाच करू द्या. तो सिनेमा तिचा आहे.

आवाजपाहिजे:
फोनच्या फुटेजचंही बघा. परवा एका मुलाखतीत सुरुवातीला ओठ आणि आवाज अगदी जुळत होते, शेवटाकडे फरक पडत गेला. विद्यार्थी आवाजाचा ट्रॅक मागेपुढे सरकवून कंटाळला होता. फोन बऱ्याचदा बदलत्या फ्रेम रेटने, म्हणजे सेकंदाला कमीजास्त चित्रं घेत, शूट करतात, त्याने हे होऊ शकतं. हँडब्रेक या व्हिडिओ फाइल बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कॉन्स्टंट (एकसारखा) फ्रेमरेट निवडून फाइल बदलून घेतली, मग आवाज जागेवर आला. हे एडिटिंगला बसण्याआधी करायचं. अर्धी टाइमलाइन रचल्यावर केलं तर कट पुन्हा तपासावे लागतात.

तिसरंवर्ष:
विद्यार्थिनी म्हणून लिहिते. ४के फुटेज अडखळत चालायचं तेव्हा मला वाटायचं, आपल्यालाच एडिटिंग जमत नाही. प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रती, बनवून त्यांवर काम करता येतं आणि तयार सिनेमाचा एक्स्पोर्ट मूळ फुटेजवरूनच होतो, हे फार उशिरा कळलं. सर, हे पहिल्या दिवशी सांगाच. लॅब बंद व्हायच्या तोंडावर एक्स्पोर्ट लावू नका, हेही.

लॅबसहायक:
फोल्डरचं नाव बदलण्याचा प्रयोग पुढच्याच बॅचला करतो. रिझॉल्व्हचा बॅकअप आपोआप दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवता येतो का?

टाइमलाइनवाली:
येतो. प्रेफरन्सेसमध्ये युजर, त्यात प्रोजेक्ट सेव्ह अँड लोड. तिथे प्रोजेक्ट बॅकअप्स चालू करा आणि जागा बदलून पुसल्या न जाणाऱ्या ड्राइव्हवरची द्या. पण मशीन फ्रीझ करण्याआधी, म्हणजे रीस्टार्टला सगळं पुसलं जाईल असं लॉक करण्याआधी करा, नाहीतर रीस्टार्टला ते सेटिंगही जाईल. आणि बॅकअप फक्त प्रोजेक्टचा होतो, फुटेज मुलांनी स्वतःच्या ड्राइव्हवरच ठेवायचं.