स्पेनमधल्या गॅलिसियातलं मूळ गाव कसं शोधायचं?

प्रश्न: क्यूबाला गेलेल्या पूर्वजाचं नाव माहीत आहे, पण कागदावर जन्मस्थळ फक्त ‘ओउरेन्से’. तिकीट काढण्याआधी काय करावं?

उत्तर १: ओउरेन्से शहरही आहे आणि प्रांतही, लोक इथेच फसतात. आधी क्यूबातले लग्नाचे, मृत्यूचे दाखले काढा. त्यात पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग, सापडू शकतं. गॅलिसियात एकाच नावाची गावं ढिगाने, त्यामुळे पॅरिश हवंच.

उत्तर २: स्पेनमध्ये आडनावं दोन असतात, दोन्ही लिहा: पहिलं वडिलांचं, दुसरं आईचं. लग्नानंतर बाईचं आडनाव बदलत नाही, म्हणून आजीला माहेरच्याच नावाने शोधा. नागरी नोंदणी १८७१ पासूनची. त्याआधीचं चर्चच्या बाप्तिस्मा-वहीत. जुन्या वह्या बऱ्याचदा बिशपच्या अभिलेखागारात असतात, तेव्हा आधी ईमेल करून वेळ घ्या. ऑगस्टमध्ये तर जाऊच नका, निम्मा देश सुट्टीवर!