शब्दचर्चा : माणसाचा ‘वाण’, उन्हात ‘रापणे’ आणि ‘वंश’ (बोलणारे आपापल्या गाव-पेठेच्या नावानं)

राजारामपुरी : नववीच्या तक्त्यासाठी हे वाक्य आहे : ‘आफ्रिकेतून बाहेर पडल्यावर हवामानामुळे माणसाचा वाण बदलला आणि निरनिराळे वंश तयार झाले.’ इथं ‘वाण’ चालेल का, की ‘वर्ण’ लिहावं?

कागल : ‘वाण’ म्हणजे मुळात रंगच. वर्णाचा वण्ण, वण्णाचा वाण. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ यात तोच अर्थ आहे. (संक्रांतीचं वाण निराळं, ते ‘वायन’वरून आलं.) पण आपल्याकडं आज वाण म्हटलं की उसाचा, को ८६०३२ वगैरे. घोळ होतो तो इथंच. ऊस कांडीनं लावतात. डोळा फुटून येणारं रोप मूळ उसाची जनुकीय नक्कलच असतं, म्हणून अख्खा फड एकसारखा दिसतो. माणसात प्रत्येक मूल निम्मं आईकडून, निम्मं बापाकडून घेतं आणि दर पिढीत पुन्हा नवी सरमिसळ होते. ‘माणसाचा वाण’ वाचून मुलं फडासारखा शिक्क्याचा एकजिनसी गट समजतील. ‘वर्ण’ लिहाल तर चातुर्वर्ण्य मधे येईल. सरळ ‘त्वचेचा रंग’ लिहा.

शाहूपुरी : माझी हरकत ‘हवामानामुळे बदलला’ याला आहे. उन्हानं रंग गडद होण्याला मराठीत नेमकं क्रियापद आहे, रापणे. ऊसतोडीत हात-तोंड रापतं, बंडीखालची पाठ मूळ रंगाचीच राहते. रापलेला रंग पोटच्या पोरात उतरत नाही. ‘आफ्रिकेत ऊन जास्त म्हणून माणसं काळी झाली’ या वाक्यात हे दोन्ही रंग एक होतात. मेलॅनिन (त्वचेला रंग देणारं द्रव्य) तयार करणाऱ्या पेशी सगळ्या माणसांत जवळपास सारख्याच असतात. फरक पडतो तो त्या किती आणि कसलं मेलॅनिन बनवतात यानं, आणि ते जनुकांवर ठरतं.

राजारामपुरी : मग ताई, ऊन मधे येतं तरी कुठं?

शाहूपुरी : कोण जगलं आणि कोणाची मुलं जगली, तिथं. यालाच निवड म्हणायचं. प्रखर उन्हात रक्तातलं फोलेट (एक ब जीवनसत्त्व) नासतं, आणि गर्भाच्या वाढीला ते लागतं. म्हणून तिथं गडद रंग टिकला. उत्तरेत उलट अडचण. ड जीवनसत्त्वासाठी लागणारे अतिनील किरण हिवाळ्यात जमिनीपर्यंत पुरेसे पोचतच नाहीत, म्हणून तिथं उजळ रंग फायद्याचा ठरला. तक्त्यावर दाखवायचं तर १ मीटरची काठी घ्या. २२ डिसेंबरला दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य कोल्हापुरात सुमारे ५० अंशांवर असतो, काठीची सावली ८४ सेंटिमीटर पडते. लंडनमध्ये त्या दिवशी भर दुपारी तो १५ अंशांवर असतो, सावली पावणेचार मीटरच्या आसपास. सावली काठीपेक्षा लांब असली की ड जीवनसत्त्व फारसं बनत नाही, हा ढोबळ अंदाज.

कागल : यात एक पाचर आहे. ‘उत्तरेत गेले आणि गोरे झाले’ हेही चूक. आपल्या प्रजातीची माणसं युरोपात ४५,००० वर्षांपूर्वी पोचली होती, पण स्पेनमधल्या ला ब्रान्या इथल्या सुमारे ७,००० वर्षांपूर्वीच्या माणसाची जनुकं सांगतात की त्याची त्वचा गडद होती आणि डोळे निळे. उजळ रंग युरोपभर पसरला तो बराच नंतर, आणि त्यात अनातोलियाकडून (आजच्या तुर्कस्तानातून) आलेल्या शेतकऱ्यांचा मोठा वाटा. म्हणजे निवड आणि सरमिसळ, दोन्ही.

गडहिंग्लज : त्या उजळ रंगामागच्या एका जनुकाचं नाव एसएलसी२४ए५. २००५ साली फिक्या पट्ट्यांच्या झेब्रा माशावरून ते हाती लागलं. त्याच्या प्रथिनात १११व्या जागी अलानिन या अमिनो आम्लाऐवजी थ्रिओनिन हे दुसरं आलं की त्वचा उजळते. हाच बदल भारतातही भरपूर आढळतो. या बदलाची एकच प्रत, म्हणजे आई-बापांपैकी एकाकडूनच, मिळाली तर रंग मधला राहतो, म्हणून एकाच घरात सख्खी भावंडं एक गोरं, एक निमगोरं, एक सावळं. चीन-जपानकडचा उजळ रंग मात्र दुसऱ्या जनुकांनी आला, त्यातलं एक ओसीए२.

आणि ‘वंश’ तर काढाच. मराठीत वंश म्हणजे कूळ, वंशावळ. अंदमानी लोकांची त्वचा गडद, पण जनुकांनी ते आफ्रिकी लोकांपेक्षा आशियाई लोकांना जवळचे. रंगावरून कूळ ओळखायला गेलात तर इथंच फसाल. आफ्रिकेतल्या आफ्रिकेतही फिका ते अगदी गडद, सगळे रंग आहेत. १९७२ साली जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी हिशेब मांडला, तेव्हा माणसा-माणसांतल्या जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के एकाच लोकसमूहाच्या आत निघाले. ‘लोकसमूह’ लिहा.

राजारामपुरी : नाक, केस, चेहरेपट्टी, हेही सगळं निवडीनंच का?

गडहिंग्लज : नाही. नाकपुडीच्या रुंदीचा गरम-दमट हवेशी संबंध दिसतो, पण बऱ्याच गोष्टींत नुसता योगायोग. पोत्यातलं मिश्र धान्य मुठीत घेतलं तर कधी मटकी जास्त येते, कधी हुलगा येतच नाही. आफ्रिकेतून थोडे लोक निघाले, त्यांतले थोडे पुढं गेले, त्यांतले आणखी थोडे त्याच्याही पुढं. आफ्रिकेपासून लांब जाल तसं जनुकीय वैविध्य घटत जातं ते यामुळं. ‘जनुकीय विचलन’ हा शब्द नववीला जड जाईल, ‘मुठीतलं धान्य’ लगेच कळेल.

शाहूपुरी : मग वाक्य असं करा : ‘आफ्रिकेबाहेर पसरलेल्या लोकसमूहांत त्वचेचा रंग आणि चेहरेपट्टी यांच्या जनुकांचे प्रकार पिढ्यान्‌पिढ्या निवड, योगायोग आणि सरमिसळ यांमुळे कमी-जास्त होत गेले.’ खाली बारीक अक्षरात ‘रापलेला रंग मुलात उतरत नाही’ हे जरूर टाका, मुलं तोच प्रश्न पहिल्यांदा विचारतील.