ओहायोतले खापरपणजोबा, १८५० च्या मागे कसं जायचं?

नवऱ्याचे खापरपणजोबा ओहायोत शेती करायचे, १८५० च्या जनगणनेत सापडले पण त्याआधी काहीच मिळत नाही, सासूबाईंना फार आस आहे हो, कुठे शोधू?

– त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहायचे, बाकीचे नुसते आकडे, म्हणून अडकलात. १८८० ची बघा, त्यात आईवडिलांचा जन्म कुठला तेही असतं.

– १८९० च्या जनगणनेच्या नादी लागू नका, १९२१ च्या आगीनंतर बहुतेक सगळी गेली, फार हळहळ वाटते. अमेरिकेच्या यादवी युद्धात लढले असतील तर वॉशिंग्टनच्या नॅशनल अर्काइव्ह्जमधून (सरकारी जुन्या कागदपत्रांचं दफ्तर) पेन्शनची फाइल मागवा, विधवेला लग्नाचा पुरावा द्यावा लागायचा, मला एका फाइलीत घरच्या बायबलचं फाडलेलं पानच मिळालं, मुलांच्या जन्मतारखा शाईने लिहिलेल्या!

– आणि आडनावाचं स्पेलिंग बदलून बदलून शोधा, गणनावाले कानाला ऐकू येईल तसं लिहायचे.