जगात नसलेल्या बँडचं कव्हर करायचंय, नाव आलंय 'बिब्बा'. कोणीतरी वाचवा

खडू_फळा

नमस्कार मंडळी. अप्लाइड आर्टच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सरांनी असाइनमेंट दिलीय की जो बँड अस्तित्वातच नाही त्याच्या अल्बमचं कव्हर करून आणा. इंग्रजीत हा खेळ जुना आहे म्हणे, विकिपीडियावर कुठलंही पान उघडायचं ते बँडचं नाव आणि एखाद्या वाक्याचे शेवटचे शब्द म्हणजे अल्बम. आम्हाला तेच मराठीत. मी 'अविशिष्ट लेख' दाबलं तर आधी कुठलंतरी इसवी सन आलं, मग एक विमानतळ, आणि तिसऱ्यांदा बिब्बा. सर म्हणाले बस, हाच घे. म्हणींच्या पुस्तकात आईने डोळे मिटून बोट ठेवलं तर 'नाचता येईना अंगण वाकडे'. म्हणजे बँड बिब्बा, अल्बम 'अंगण वाकडे'. ऐकायला झकास वाटतंय पण काळ्यावर केशरी अक्षरं, मागे गिटार आणि जाळ असं जे केलंय ते बघून मैत्रीण म्हणाली 'हार्दिक शुभेच्छा' तेवढं लिहायचं राहिलं :(

वर लॅबमधल्या जुन्या फोटोशॉपमध्ये नाव टाइप केलं की पहिली वेलांटी दुसऱ्याच ब ला चिकटते आणि जोडाक्षर होतच नाही, ब चा पाय मोडलेला दिसतो. घरी मोडक फॉन्टमध्ये नीट आलं, पण मोबाइलवर छोटं करून बघितलं तर लोक 'विव्वा' वाचतात. एआय चालणार नाही असं आधीच सांगितलंय. सोमवारी द्यायचंय.

डीटीपीवाला_काका

वेलांटीचं आधी सांगतो, निम्मं डोकं त्यातच जातं. फॉन्ट बिघडलेला नाही, जुन्या व्हर्जनला देवनागरी जुळवायचं इंजिन मुद्दाम चालू करावं लागतं. प्रेफरन्सेसमध्ये टाइप, तिथे मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन निवडा, प्रोग्राम बंद करून नवीन फाइल उघडा. नाहीच जमलं तर इंकस्केप फुकट आहे, त्यात शब्द टाइप करा, पाथ मेनूतून ऑब्जेक्ट टू पाथ करा आणि तो आकार उचलून आणा. मग ते अक्षर राहत नाही, चित्र होतं, कुठेच तुटत नाही (स्पेलिंग आधी तपासा, नंतर बदलता येत नाही, मी एका पत्रिकेत नवऱ्याचं नाव चुकवून बसलोय).

आता विव्वा. बिब्बामध्ये दीड नाही, तीन ब आहेत, दोन पूर्ण आणि एक अर्धा, आणि ब चा सगळा जीव त्याच्या पोटातल्या तिरक्या रेघेत. मोडक हा मुद्दाम लठ्ठ केलेला फॉन्ट, त्याचं पोट आधीच बुजलेलं असतं, लहान केलं की रेघ गायब आणि उरतो व. बालू किंवा मुक्ता घ्या, नाहीतर यात्रा वन बघा, मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला आहे आणि थोडा जुनाट ठसका आहे त्यात. सगळे मोफत आणि खुल्या परवान्याचे. फाइल 3000 बाय 3000 पिक्सेलची करा, गाणी अ‍ॅपवर चढवणारे डिस्ट्रिब्युटर साधारण तेवढीच मागतात, आणि दर दहा मिनिटांनी झूम 2 टक्क्यांवर आणून बघा. म्हणजे 60 पिक्सेल, फोनवरच्या गाण्यांच्या यादीत साधारण तेवढंच दिसतं. तिथे वाचता आलं तर पुढचं.

साडेतीन_मात्रा

गिटार आधी काढ. बँड आहे म्हणून गिटार म्हणजे हॉटेल आहे म्हणून काटा-चमचा. 'अल्बम' हा शब्दच मुळात 78 आरपीएमच्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या) तीनचार तबकड्या फोटोंच्या वहीसारख्या बांधून विकायचे त्यावरून आला, आणि ती वही बाहेरून बहुतेक वेळा साधीच असायची. कोलंबिया रेकॉर्ड्सच्या अ‍ॅलेक्स स्टाइनवाइसने 1940 च्या सुमारास त्यावर चित्रं आणली, आणि तो गायकाचा फोटो टाळून आकार आणि अक्षरं यांच्यावर जास्त खेळायचा. तुझ्याकडे तर फोटो काढायला माणसंच नाहीत, बरंच झालं की.

पण ही लोकं कोण आहेत ते ठरवलंस का? नसलेल्या बँडचं कव्हर सगळ्यांचं सारखंच दिसतं कारण डिझाइनर गाणी न ऐकता बसतो. पाच गाण्यांची नावं तरी लिही. मला विचारशील तर लग्नात बिब्बा घालणाऱ्या नातेवाइकांवर चिडलेली चार पोरं, बेसुर आहेत आणि त्यांना ते माहितीये. अल्बमचं नावच कबुलीजबाब आहे ना, नाचता येत नाही आणि दोष अंगणाला.

वऱ्हाडी_पाव्हणा

बिब्बा पायला का कधी? पायला असता तं जाळ टाकला नसता. काळी चपटी बी आणि तिच्या डोक्यावर केशरी गरदार बोंड, रंग तर निसर्गानंच निवडून दिलेत भाऊ. आमच्याकडे बायका बिबे फोडून आतली गोडंबी काढतात, ती लाडवात जाते, पण तेलानं त्यांचे हात काळे पडतात, कातडी सालपटते. म्हणून फोटोसाठी आणशीन तर हात नको लावू, उततो. विनोद नाही हा.

आणि एक आयडिया. पूर्वी परीट कपड्यावर खूण करायचे ती बिब्ब्याच्याच तेलानं, धुतली तरी जात नाही, इंग्रजीत त्याला मार्किंग नटच म्हणतात. बँडचं नाव धुवट पांढऱ्या कापडाच्या कोपऱ्यात परटाच्या खुणेसारखं टाक, बारीक. बाकी सगळं कव्हर मोकळं. (खरं तेल वापरू नको, काळी शाई घे.)

डीटीपीवाला_काका

@वऱ्हाडी_पाव्हणा कल्पना मस्त, पण बारीक म्हटलं की पुन्हा विव्वा.

ठिपके_सात_ते_एक

मी फक्त वाचत होते पण राहवेना. अंगण म्हटल्यावर कोणीच रांगोळी म्हणालं नाही?? ठिपक्यांचा कागद असतो ना भोकं पाडलेला, तो जरा फिरला की सगळे ठिपके तिरके पडतात आणि मग कितीही नीट रेघा ओढा, रांगोळी वाकडीच. तेच कर. चौकोनी कव्हरवर ठिपक्यांची जाळी आठ-दहा अंशांनी फिरवलेली आणि रेघ एकही ओढलेली नाही.

आणि 'वाकडे' नको लिहूस, 'वाकडं' लिही, बोलतो तसं. मग 'अंगण वाकडं' मध्ये दोन अनुस्वार येतात. ते दोन टिंब त्या जाळीतलेच ठिपके होऊ देत, म्हणजे अक्षरं ठिपक्यांना लटकलेली दिसतील. त्यातलं एक टिंब बिब्बा.

साडेतीन_मात्रा

अगं बाई. मी माझं सगळं मागे घेतो.

वऱ्हाडी_पाव्हणा

लिंबू-मिरचीतही बिब्बा ओवतात, दारात. अंगणालेच दृष्ट लागली होती म्हणाव.

खडू_फळा

रात्रभर बसले. पांढऱ्या खडूची जाळी गेरूसारख्या मातकट लाल रंगावर, नऊ अंशांनी फिरवली (पाच अंशांना चूक वाटत होती, पंधराला मुद्दाम केल्यासारखी). गिटार गेली, जाळ गेला. 'वाकडं' वरचा ठिपका काळा, त्याच्यावर केशरी बोंडाचा एवढासा तुकडा. काका, वेलांटी बसली, इंजिनचंच होतं. मुक्ता घेतलाय, 60 पिक्सेलला आईने चष्म्याशिवाय बिब्बा वाचलं. आईला नाव आधीच माहितीये हे मान्य, पण शेजारच्या काकूंनीपण वाचलं.

एकच राहिलंय. परटाची खूण मी मागच्या बाजूला गाण्यांच्या यादीखाली टाकलीय, बारीक. तिथे विव्वा वाचलं तरी चालेल ना?

डीटीपीवाला_काका

मागे चालेल. प्रिंट काढणार असाल तर चारी बाजूंनी 3 मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) सोडा, आणि कटिंगवाल्याला आधीच सांगून ठेवा की जाळी मुद्दाम तिरकी आहे, नाहीतर तो सरळ करून कापेल.