बाहेरून सीएनजी किट बसवलं: विमा कंपनीला कधी आणि काय कळवायचं?

वाटाड्या:
2019 ची पेट्रोल हॅचबॅक, बीएस-4, पुणे पासिंग. अधिकृत सेंटरमधून सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवून चार दिवस झाले, बिल 60,000 रुपये. आरसीवर इंधन अजून 'पेट्रोल'च आहे आणि बँकेचा बोजाही आहे. कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीचे पाच महिने बाकी आहेत. एजंट म्हणतो, "रिन्युअलला टाकू." थांबलं तर चालेल का? शिवाय बाहेरून घेतलेले अलॉय आणि स्टिरिओ आहेत, त्यांचं काय करायचं?

किल्लीजोड:
थांबू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीतला बदल 14 दिवसांत आरटीओला कळवायचा असतो. चार गेले, दहा उरले. आणि या पाच महिन्यांत गाडीने पेट घेतला तर सर्व्हेअर (विमा कंपनीसाठी नुकसान तपासणारा) सर्वांत आधी आरसी, पॉलिसी आणि डिकीतली टाकी या तीन गोष्टी ताडून बघणार.

पहिलं काम बँकेचं. बोजा असल्यामुळे आरटीओ बँकेची एनओसी मागतं आणि उशीर बहुधा तिथेच होतो, म्हणून तो अर्ज आजच द्या. तोवर सेंटरकडून कागद गोळा करा: किटचं जीएसटी बिल, फिटमेंट सर्टिफिकेट, किटचं टाइप अप्रूव्हल (एआरएआय किंवा आयकॅटसारख्या वाहन चाचणी संस्थेने किटच्या मॉडेलला दिलेली मान्यता) आणि टाकीचं टेस्ट सर्टिफिकेट. टाइप अप्रूव्हल तुमच्या मॉडेलला लागू आहे ना, हे यादीत बघून घ्या. मग परिवहनच्या साइटवर 'अल्टरेशन'चा अर्ज भरा, फी भरा आणि गाडी तपासणीला न्या.

घरी आणखी एक काम करा. डिकी उघडून टाकीवर कोरलेला नंबर वाचा. तो बिलावर, फिटमेंट सर्टिफिकेटवर आणि टेस्ट सर्टिफिकेटवर अक्षर न् अक्षर तोच हवा. 'बी'चा '8' झाला तरी आरटीओत अर्ज परत येतो आणि क्लेमच्या वेळी तर फारच जड जातं. चूक दिसली तर सेंटरकडून आत्ताच दुरुस्त करून घ्या.

मोजणीदार:
वरचं सगळं बरोबर. विम्याचं सांगतो.

आरसी हातात येईपर्यंत वाट बघू नका. आजच कंपनीच्या अधिकृत ईमेलवर पॉलिसी नंबर, किट बसवल्याची तारीख, बिल आणि फिटमेंट सर्टिफिकेट पाठवा आणि "सीएनजी किटसाठी एन्डॉर्समेंट हवं आहे, आरटीओ अर्जाची पावती आणि नवी आरसी मिळताच पाठवतो" असं लिहा. एन्डॉर्समेंट म्हणजे चालू पॉलिसीत केलेली बदलाची नोंद. एजंटला फोनवर सांगणं ही नोंद नव्हे. कंपनी बहुतेक गाडीची तपासणी करेल, मग जादा प्रीमियम सांगेल. तो भरल्यावर एन्डॉर्समेंटचा कागद येतो. तो हातात येईपर्यंत किटला संरक्षण मिळालं असं धरू नका.

पैसे किती? विम्याच्या जुन्या टॅरिफपासून (दरपत्रकापासून) चालत आलेला हिशेब किटच्या किमतीच्या 4 टक्के, म्हणजे वर्षाला 2,400 रुपये, आणि थर्ड पार्टीचे 60. तुमचे साधारण 150 दिवस उरलेत, तेव्हा 2,400 गुणिले 150 भागिले 365, म्हणजे 986 रुपयांच्या आसपास. त्यावर ते 60 आणि 18 टक्के जीएसटी. हजार-बाराशे रुपयांसाठी अख्ख्या गाडीचा क्लेम टांगणीला का लावायचा?

एन्डॉर्समेंट आलं की आयडीव्हीचा (विम्यासाठी धरलेल्या किमतीचा) तक्ता बघा. गाडी, इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरीज, नॉन-इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरीज, सीएनजी/एलपीजी किट असे वेगवेगळे रकाने असतात. किटच्या रकान्यात शून्य असेल तर किटला ओन डॅमेज (स्वतःच्या नुकसानीचं) संरक्षण नाही, मग इंधनासमोर 'पेट्रोल + सीएनजी' छापलेलं का असेना. गाडी बनवणाऱ्या कंपनीने कारखान्यातूनच किट बसवून दिलेल्या गाडीत ही किंमत गाडीच्याच आयडीव्हीत धरलेली असते. तुमचं बाहेरचं, त्यामुळे हा रकाना भरलेलाच हवा.

खरा घोळ रिन्युअलला होतो. ऑनलाइन कंपनी बदलली की नवी कंपनी जुनं एन्डॉर्समेंट आपोआप उचलत नाही. तिथे 'एक्स्टर्नल सीएनजी किट' निवडून घसारा वजा जाता किंमत स्वतः भरावी लागते.

अलॉय नॉन-इलेक्ट्रिकलमध्ये जातात, स्टिरिओ इलेक्ट्रिकलमध्ये. बिलं जोडून त्याच ईमेलमध्ये कळवा.

वाटाड्या:
आभारी आहे. ईमेल पाठवला, बँकेतही अर्ज दिला. न कळवता क्लेम आला तर कंपनी सरसकट नाकारते का?

मोजणीदार:
सरसकट असं नाही. किटचा नुकसानीशी संबंध आहे का, यावर बरंच अवलंबून असतं. मागून कोणी ठोकून बंपर गेला तर वाद कमी होतो. फ्यूज बॉक्समधून किटची वायर ओढलीय आणि आग तिथेच लागली, तर कंपनी जोरात नाकारते. अटींचा भंग झाला तरी क्लेमच्या 75 टक्क्यांपर्यंत 'नॉन-स्टँडर्ड' तत्त्वावर (पूर्ण न नाकारता, कापून) द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये एका खासगी गाडी भाड्याने दिल्याच्या प्रकरणात म्हटलं होतं. मात्र त्या भरवशावर राहू नये, प्रत्येक प्रकरण वेगळं असतं. नाकारलंच तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, पुण्यात कार्यालय आहे.

किल्लीजोड:
दोन गोष्टी राहिल्या. टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी चाचणी) दर तीन वर्षांनी करायची. पंपावर तारीख बघून गॅस नाकारतात, आणि मुदत उलटलेली टाकी क्लेममध्येही अडचणीची ठरते. दुसरं, भरलेली टाकी मागच्या चाकांवर पाऊणशे किलोच्या घरात वजन टाकते. मागच्या टायरची हवा मॅन्युअलमधल्या 'फुल लोड'च्या आकड्याला ठेवा. आणि पुढे बुलबार (बंपरवरचा लोखंडी गार्ड) लावायचा विचार असेल तर लावूच नका. केंद्राने 2017 च्या डिसेंबरमध्येच राज्यांना त्यावर कारवाई करायला कळवलं आहे. तो एन्डॉर्समेंटने नियमित होत नाही.