सेंट्रेटसाठी वेगळी अ‍ॅनामॉक्स टाकी, की मुख्य टाकीतच परत?

नायट्राइट: सांडपाणी प्रकल्पात डायजेस्टरमधला (गाळ कुजवणाऱ्या बंद टाकीतला) गाळ सेंट्रिफ्यूजमध्ये पिळला की निघणारं पाणी, म्हणजे सेंट्रेट, प्रकल्पाच्या प्रवाहाच्या जेमतेम १ टक्का, पण नायट्रोजनचा १५ ते २५ टक्के भार त्यातच. ते प्रकल्पाच्या तोंडाशी परत सोडणं बंद व्हायला हवं. पूर्ण नायट्रिफिकेशनला, म्हणजे सगळ्या अमोनियाचं नायट्रेट करायला, किलो नायट्रोजनमागे ४.५७ किलो ऑक्सिजन लागतो. निम्म्याहून थोड्या जास्त अमोनियाचं नायट्राइट करून उरलेलं काम अ‍ॅनामॉक्स जीवाणूंवर (हे अमोनिया आणि नायट्राइट मिळून नायट्रोजन वायू करतात) सोपवलं, तर १.९ पुरतो. नायट्रेट काढायला एरवी घालावं लागणारं मिथेनॉलही लागत नाही. शिवाय या पाण्यात सगळ्या अमोनियाला हवी त्याच्या निम्मीच क्षारता (आम्ल पचवण्याची ताकद) असते, म्हणजे नायट्राइट साधारण हवं तिथेच थांबतं.

साठवण_टाकी: कागदावर ठीक. हे जीवाणू दुप्पट व्हायला १०-१४ दिवस घेतात. रॉटरडॅमच्या डोखावनमधली पहिली पूर्ण आकाराची टाकी २००२ मध्ये उभी राहिली आणि पूर्ण भार घ्यायला तिला साडेतीन वर्षं लागली. त्यापेक्षा सेंट्रेट दिवसा साठवा, रात्री आवक कमी असताना हळूहळू सोडा. पंप आणि टायमर, बस्स.

नायट्राइट: डोखावनला विरजण मागायला दुसरी टाकीच नव्हती. आज चालू टाकीतला गाळ आणून काही महिन्यांत काम सुरू होतं. आणि साठवणीनं भार सपाट होतो, कमी होत नाही. हवा फुंकणाऱ्या ब्लोअरचं बिल तेवढंच. ऑस्ट्रियातल्या स्ट्रासमध्ये २००४ पासून अशी अ‍ॅनामॉक्स टाकी चालते: किलो नायट्रोजनमागे वीज २.९ वरून १.१६ युनिटवर आली.

ब्लोअरवाला: स्ट्रासचा आकडा सांगताना तिथलं नियंत्रणही सांगा. हवा ०.०१ पीएचच्या पट्ट्यात चालू-बंद होते, विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ०.३ मिग्रॅच्या आसपास. हे मोजणारा प्रोब घाण झाला आणि हवा जास्त गेली की नायट्राइट खाणारे दुसरे जीवाणू माजतात. खूण सोपी आहे: काढलेल्या नायट्रोजनच्या सुमारे ११ टक्के नायट्रेट उरणं स्वाभाविक, आकडा त्यावर चढत राहिला तर लगेच हवा कमी करा. उलट नायट्राइट साचलं तर अ‍ॅनामॉक्सच गारद होतात. तेव्हा आधी सेंट्रेटची आवक थांबवायची. गाळ बांधणारं पॉलिमर कमी पडून सेंट्रेट काळं आलं, तर तो गाळ टाकीत साचून अ‍ॅनामॉक्स जीवाणूंचे दाणे वाहून जातात. म्हणून आधी निवळण टाकी हवीच.

साठवण_टाकी: माझा मुद्दा हाच. प्रोब रोज पुसणारा माणूस नसेल तिथे ही टाकी बांधू नये.

नायट्राइट: मग माणूस नेमा. मिथेनॉलचे टँकर आणि वाया जाणारी हवा यांचा खर्च मांडून बघा, त्याचा पगार त्यातच निघतो. हो, दीर्घ वातनाच्या प्रकल्पांत (जिथे गाळ बराच काळ हवा देऊनच जिरवतात) डायजेस्टरच नसतो. तिथे हा वाद लागूच नाही.