अनुभव धागा: देवाची वाट पाहताना

सर्वांना ख्रिस्तात सलाम.

आपल्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, साक्ष देण्याची, देवाने आपल्यासाठी काय केलं ते सर्वांपुढे सांगण्याची, चांगली रीत आहे. पण साक्ष बहुतेक वेळा उत्तर मिळाल्यावरच दिली जाते. नोकरी लागली, गाठ साधी निघाली, मूल झालं, की माणूस पुढे येऊन उभा राहतो. ज्याचं अजून काहीच झालेलं नाही तो मागच्या बाकावर बसून ऐकतो आणि घरी जातो. त्याच्याकडेही सांगण्यासारखं खूप असतं, असं मला मनापासून वाटतं. तेराव्या स्तोत्रात दावीद देवाला 'कोठवर?' असं एकदा नाही, चार वेळा विचारतो. ते विचारणं कुणी पवित्र शास्त्रातून काढून टाकलं नाही.

आगमनकाळाचे, म्हणजे नाताळाआधीचे, चार रविवार वाट पाहण्याचेच. म्हणून हा धागा. उत्तर मिळालेलं असो वा नसो, लिहा. एकच विनंती: कुणाच्या अनुभवाखाली 'देवाची वेळ असते, धीर धरा' एवढंच लिहून पुढे जाऊ नका. ते खरं आहे, पण ते ऐकून दुखावलेला माणूस गप्प होतो.

शेतकरी, शेवगाव तालुका

याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात शेतकऱ्याचं उदाहरण आहे. तो पहिल्या आणि शेवटच्या पावसासाठी धीर धरतो. तिकडे इस्राएलात पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात, त्यावर पेरणी. शेवटचा मार्च-एप्रिलात, दाणा भरायला. आमचा हिशेब वेगळा. जिरायत रान, रब्बीची ज्वारी, सगळी मदार उत्तरा-हस्ताच्या पावसावर.

या वचनावर उपदेश झाला की शांत बसण्याबद्दल बोललं जातं. शेतकरी कुठं शांत बसतो? पावसाआधी कुळवाच्या पाळ्या घालायच्या, बांध नीट करायचे, बी निवडून ठेवायचं, पेरणीची पाभर दुरुस्त करायची. आणि पाऊस पडला तरी लगेच पेरता येत नाही. वाफसा यावा लागतो, म्हणजे जास्तीचं पाणी मुरून रान पेरण्याजोगं व्हावं लागतं. काळ्या रानात चिखलात पाभर घातली तर माती चिकटते, बी नीट पडत नाही. मागितलेला पाऊस मिळाला, तरी बांधावर थांबायचंच.

माझ्या धाकट्या भावाशी वाटणीवरून बोलणं बंद होतं. त्याचं मन वळावं म्हणून मी आणि मंडळी वर्षानुवर्षं प्रार्थना करत होतो. एका संध्याकाळी त्याचा निरोप आला, 'दादाला भेटायचंय.' मी लगेच निघालो होतो. मागचा सगळा हिशेब त्याच रात्री मांडायचा, असं डोक्यात होतं. बायको म्हणाली, 'अहो, वाफसा येऊ द्या.' मग नाताळात आम्ही दोघे त्याच्या घरी गेलो. जेवलो, मुलांशी बोललो, वाटणीचा शब्द काढला नाही. तो विषय पुढे त्यानेच काढला.

पुण्याहून, एमपीएससीचा विद्यार्थी

शेवगावचे काका, तुमचं वाचून बरं वाटलं. घरी फोन केला की विचारतात, 'प्रार्थना करतोस ना?' करतो. पण प्रार्थना करून उठल्यावर अभ्यासालाच बसायचं असतं. केडगावच्या मुक्ती मिशनबद्दल आजी सांगायची. ते मिशन उभं करणाऱ्या पंडिता रमाबाई पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि शेकडो मुलींचा संसार सांभाळत वर्षानुवर्षं ते काम करत राहिल्या. 1921 मध्ये मुलगी मनोरमा गेली, तरी काम सोडलं नाही. 1922 च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. माझी परीक्षा त्यापुढे काहीच नाही, पण निकालाची वाट पाहताना मला त्या आठवतात.

निवृत्त परिचारिका, मिरज

माझा अनुभव उत्तर मिळाल्याचा नाही. भावाच्या किडन्या गेल्या. आम्ही उपवास केले, महिला मंडळाने साखळी प्रार्थना, म्हणजे एकीमागून एकीने न थांबता प्रार्थना, ठेवली. तो वाचला नाही. जन्मभर मी दवाखान्यात काम केलं, अहवाल वाचता येत होते, तरी मी शेवटपर्यंत मागत राहिले.

नंतर योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय मला वाचवेना. मार्था आणि मरीया यांचा भाऊ लाजर आजारी असल्याचं कळूनही येशू आणखी दोन दिवस होता तिथेच राहतो. मार्था सरळ म्हणते, 'प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता.' थोड्या वेळाने मरीयाही तेच शब्द बोलते. येशू दोघींपैकी एकीलाही रागावत नाही. मरीयेसमोर तर तो रडतो. लाजर मेलेल्यातून उठला, माझा भाऊ उठला नाही, हे मला कळतं. पण तक्रार घेऊन त्याच्यापुढे जाता येतं, एवढं मला त्या अध्यायाने दिलं. 'विश्वास कमी पडला' असं आम्हाला सांगणारेही भेटले. ताईंनो, दादांनो, असं कुणालाही म्हणू नका. मार्थेला येशू असं म्हणाला नाही.

मी आता पुनरुत्थानाची वाट पाहते. त्याला तारीख नाही.

वसई

आम्ही कॅथलिक. लग्नानंतर मूल होईना म्हणून सासूबाई मला बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला घेऊन जायच्या. गर्दीत तासन् तास उभं राहावं लागायचं, पण त्या कधी कंटाळल्या नाहीत, आणि मला एकदाही टोचून बोलल्या नाहीत. ते आधी सांगते, कारण सासवांबद्दल वेगळंच लिहिलं जातं.

सारा आणि अब्राहामाची गोष्ट मला प्रत्येकाने सांगितली. संततीचं वचन मिळालं तेव्हा तो 75 वर्षांचा, मुलगा इसहाक झाला तेव्हा 100 चा. मधल्या हागारेबद्दल, मूल व्हावं म्हणून सारेने अब्राहामाला दिलेल्या तिच्या दासीबद्दल, कुणी बोलत नाही. मालकिणीची घाई झाली आणि किंमत दासीने मोजली. रानात पळून गेलेल्या त्या बाईला देव शोधत येतो, आणि ती त्याला 'पाहणारा देव' म्हणते. मला सारेपेक्षा हागार जवळची वाटते. आम्ही दत्तकासाठी नाव नोंदवलं आहे. तिथेही रांग आहे. सासूबाईंनी बाळासाठी गोधडी शिवायला घेतली आहे.

नाशिक

माझे मिस्टर उपासनेला येत नाहीत. पूर्वी मी दर रविवारी आग्रह करायची, आता करत नाही. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक इथल्याच, जलालपूरच्या. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या सोबत नव्हत्या. काही वर्षं दुरावा सोसून, स्वतः विचार करून त्या ख्रिस्ताकडे आल्या. ओढून आणलं असतं तर त्या तशा लक्ष्मीबाई झाल्या असत्या का? मी मिस्टरांचा डबा करते, त्यांच्यासाठी प्रार्थना करते, आणि रविवारी एकटी जाते. एकटी जाणं अवघड आहे. ते सोपं झालेलं नाही.

सोलापूर, एक वडील

मुलगा दारूपायी घर सोडून गेला. त्याचा मोबाइल नंबर बंद पडू नये म्हणून आम्ही दर महिन्याला रिचार्ज करतो. कधी उचलतो, कधी नाही. गेल्या आठवड्यात उचलला आणि आईला विचारलं, 'तुझा गुडघा कसा आहे?' पुढे काही बोलला नाही. नाव लिहीत नाही, पण रविवारी आपापल्या मंडळीत 'सोलापूरचा मुलगा' एवढं म्हणून प्रार्थना करा. आणि त्याच्या आईसाठीही.